पंधरा पैशांचं मत

१४ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद. एका बाजूला छापील टपालमुद्रा आणि पत्त्याच्या रेघा, दुसरी बाजू पूर्ण कोरी. डावीकडे खाली मजकुराला अर्धीच जागा, कारण उजवीकडे पत्ता: ‘दूरदर्शन केंद्र, पांडुरंग बुधकर मार्ग, वरळी, मुंबई’. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या टपालपेट्यांत अशी कार्डं पडत. ‘कालचं नाटक आवडलं’, ‘बातम्यांच्या वेळी आवाज गेला’, ‘अमुक कार्यक्रम पुन्हा दाखवावा’. टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसाने टीव्ही चालवणाऱ्याला आपलं मत लिहून कळवायचं, ही रीत या कार्डावर वाढली. ती आली कुठून आणि गेली कुठे, याची ही कुळकथा.

या रीतीचं एक मूळ आपल्याच मातीत आहे. १८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहायला सुरुवात केली. १८५० पर्यंत ती १०८ झाली आणि ‘शतपत्रे’ म्हणून मराठी माणसाच्या विचारात कायमची रुजली. सामाजिक मत जाहीर पत्रातून मांडायचं, कारण द्यायचं, नाव घेऊन दोष दाखवायचा, हे मराठीत त्या पत्रांनी पक्कं केलं. मात्र टपालाचा खर्च तेव्हा सगळ्यांना झेपणारा नव्हता. तो आवाक्यात आला १ जुलै १८७९ रोजी, भारतात पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं तेव्हा. ऑस्ट्रियाने हे कार्ड १८६९ मध्ये काढलं, ब्रिटनने पुढच्याच वर्षी, आणि दहाएक वर्षांत ते आपल्याकडे पोचलं. आता मत कळवायला लिफाफा लागत नव्हता की लांबलचक प्रस्तावना. जागाच एवढी थोडी की मुद्द्यावर यावंच लागे.

दुसरं मूळ लंडनमध्ये आहे. १९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली ती श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर. रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीत दहा शिलिंग भरून परवाना घ्यायचा. या व्यवस्थेमुळे श्रोत्याच्या मनात एक भावना तयार झाली: या यंत्रणेत माझे पैसे आहेत, तेव्हा तिला चार शब्द सुनावण्याचा हक्कही माझा आहे. बीबीसीलाही हे मानावं लागलं. १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्वी यांच्या हाताखाली तिथे श्रोतृसंशोधनाचं काम सुरू झालं, आणि १९६१ पासून ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ हा प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवणारा कार्यक्रम पडद्यावर आला. नाटकं, मालिका, बातम्या, सगळ्यांवरची तक्रार आणि कौतुक त्याच वाहिनीवर ऐकवलं जाऊ लागलं.

या दोन मुळांची गाठ घालणारा माणूस मराठीच होता. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत असताना बीबीसीत प्रशिक्षणासाठी गेले आणि भारतात दूरचित्रवाणी नुकती पाळण्यात असताना तिच्या पहिल्या निर्मात्यांमध्ये सामील झाले. पंडित नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. सार्वजनिक प्रसारणाची ब्रिटिश शिस्त त्यांनी जवळून पाहिली, आणि समोरच्या माणसाशी घरातल्यासारखं बोलायची कला तर त्यांच्याजवळ होतीच.

परवान्याची पद्धतही आपण ब्रिटिशांकडूनच घेतली. आधी रेडिओचा परवाना, मग टीव्हीचा. टपाल कचेरीत दरवर्षी पैसे भरायचे आणि परवाना पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. तपासनीस घरी येऊन पुस्तिका मागू शकत असे. मत लिहायचं कार्ड आणि टीव्हीचा परवाना एकाच खिडकीवर मिळावेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पैसे भरणारा हात आणि मत लिहिणारा हात एकच होता.

१९७२ हे वर्ष या कथेत दोनदा येतं. १५ ऑगस्टला देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान कवी. त्यानंतर दीड महिन्याने, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पत्र पाठवायची नवी वाट आणि पत्र पाठवावं असं नवं कारण, दोन्ही एकाच पावसाळ्याच्या मागेपुढे आली.

वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. तिथून उल्हासनगर ते बदलापूर हा पट्टा हवाई अंतराने साधारण ४० ते ५० किलोमीटर, आणि मध्ये पारसिकचा डोंगर. म्हणून इकडच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेना उंच पाइपवर चढवलेले दिसत, सगळ्यांची तोंडं वरळीकडे. एक जण वर पाइप फिरवतो, दुसरा खिडकीतून ओरडतो, ‘आलं, आलं… गेलं!’ पडद्यावर मुंग्या आल्या की सारं घर हळहळायचं. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाचं पहिलं मत चित्र दिसतं की नाही याविषयीचंच असे. दादर-गिरगावच्या माणसाला जे बटण दाबून मिळे, ते इथे कष्टाने मिळवावं लागे. इतक्या खटपटीने मिळवलेला कार्यक्रम टुकार निघाला तर राग दुप्पट, चांगला निघाला तर कौतुकही दुप्पट.

या पट्ट्याला पत्राची सवय आधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. हरवलेली माणसं शोधायची, भरपाईचे अर्ज करायचे, दूरच्या गावी पांगलेल्या नात्यांची खबर घ्यायची, सगळं टपालाने. पत्त्यात आजही बॅरेक नंबर आणि कॅम्प नंबर येतो. त्या पाच कॅम्पांच्या शहराला ४२१००१ ते ४२१००५ हे पिनकोड मिळाले. पलीकडे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे सरकारी नोकरदारांच्या वसाहती. त्यापुढे बदलापूर, जिथून माणसं पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या कचेऱ्यांत फायली हलवायला जात. अर्ज, टिप्पणी, शेरा, स्मरणपत्र ही त्यांची रोजची भाषा. अशा लोकांना वरळीला चार ओळी खरडणं काही जड नव्हतं.

दूरदर्शननेही पत्राला मान दिला. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाने महाराष्ट्रभर ज्ञानदीप मंडळं उभी केली. बघून उठून जायचं नाही, एकत्र बसून चर्चा करायची, गावात काहीतरी करायचं आणि ते कळवायचं, असा तो परिपाठ होता. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोतल्या लोकशिक्षणाच्या मालिकांवरून तिची कल्पना सुचली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत आणि पत्रांचा उल्लेख करत. १९८५ च्या डिसेंबरात ती संपेपर्यंत सुमारे ४ लाख पत्रं आली. थोरल्या मुलीने, बडकीने, काय करावं याचे सल्ले लोक थेट बडकीलाच लिहीत. त्याच १९८५ मध्ये बासू चटर्जींची ‘रजनी’ आली. प्रिया तेंडुलकरांची ती गृहिणी गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला, कारकुनाला जाब विचारायची. तक्रार करणं म्हणजे भांडखोरपणा, ही समजूत तिने घराघरांत मोडून काढली.

याच काळात दूरदर्शनवर ब्रिटिश मालिका दिसू लागल्या, आणि त्यांतली ‘यस मिनिस्टर’ या पट्ट्यातल्या प्रेक्षकासाठी वेगळीच ठरली. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही मालिका १९८० मध्ये बीबीसीवर आली. मंत्री जिम हॅकर झालेले पॉल एडिंग्टन, सचिव सर हम्फ्री झालेले नायजेल हॉथॉर्न आणि दोघांमध्ये सापडलेला खासगी सचिव बर्नार्ड. खुर्च्या, फायली, चहाचे कप आणि बोलणं, एवढाच सगळा पसारा. प्रेक्षागृहात माणसं बसवून तिचं चित्रण होई, त्यामुळे हशा खरा होता. पण इंग्रजी भरभर आणि हम्फ्रीची वाक्यं पानभर लांब. आपल्याकडे अनेक घरांत हशा आधी ऐकू येई आणि विनोद मागून उलगडे. ‘काही कळत नाही’ हे मत तेव्हा सर्रास ऐकू येई आणि ते अगदी खरं होतं.

पण ज्याने आयुष्य कचेरीत काढलं होतं, त्याला इंग्रजी अर्धवट कळूनही हम्फ्री पूर्ण कळे. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ म्हणजे काय, समिती कशासाठी नेमतात, फाइल वर गेली की ती खाली का येत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात बर्नार्डला आपल्या ओळखीतलं नाव मिळून जाई. परदेशी नाटकाला याहून मोठी दाद कोणती? वेश, घर, हवा, चहा सगळं परकं, आणि मधलं माणूस मात्र ओळखीचं.

या मालिकेने एक प्रश्नही उभा केला. बीबीसी सार्वजनिक पैशावर चालते आणि त्याच पैशात सरकारची रेवडी उडवते. दूरदर्शन तर तेव्हा सरळसरळ माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत. बातम्यांत मंत्र्यांची उद्घाटनं आणि नंतर पडद्यावर मंत्र्याची फजिती, पण ती विलायती मंत्र्याची. ‘असं आपल्याकडे का होत नाही?’ हे त्या मालिकेवरचं सर्वात मोलाचं मत होतं. राजकारण्यांवर बोट ठेवणारी ‘कक्काजी कहिन’ १९८८ मध्ये आली खरी, पण ‘यस मिनिस्टर’चा भारतीय अवतार ‘जी मंत्रीजी’ यायला २००१ उजाडलं. फारूक शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव, आणि तोही दाखवला खासगी वाहिनीने.

प्रेक्षकाचं मत किती दूर जाऊ शकतं हे १९८८ च्या सुरुवातीला दिसलं. कराचीत जन्मलेल्या गोविंद निहलानी यांची ‘तमस’ दूरदर्शनवर सुरू झाली. विषय फाळणीचा, म्हणजे उल्हासनगरच्या जन्माचा. चारच वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये ‘द ज्युएल इन द क्राउन’ या चौदा भागांच्या मालिकेने ब्रिटिश राजवटीची अखेर दाखवली होती, पण तिचा केंद्रबिंदू इंग्रज माणसं होती. ‘तमस’मध्ये कथा ज्यांच्यावर गुदरली त्यांच्याकडे आली. मालिका बंद करा म्हणून याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. असं काही जोखायचं तर समंजस, धीट मनाच्या माणसाच्या कसोटीने जोखावं, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या कसोटीने नव्हे, हे सूत्र न्यायालयाने वापरलं. मूळचं ते नागपूरच्या न्यायमूर्ती विवियन बोस यांचं, १९४६ मधलं. प्रेक्षकाला सुजाण धरून चालायचं, हा आपल्या कायद्याने प्रेक्षकाला दिलेला मान आहे.

आता ऱ्हासाची गोष्ट. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आल्या होत्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परवाना रद्द झाला. वर्षाचे पैसे वाचले म्हणून सगळे खूश झाले. पण पैसे देणारा बदलला की धनी बदलतो. प्रेक्षक आता जाहिरातदाराला दाखवायची संख्या झाला. पत्रं मात्र वाढतच गेली. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ला एका आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रं आली. बहुतेक पंधरा पैशांची कार्डं, प्रश्नमंजूषेची उत्तरं घेऊन. एवढ्या स्वस्त दरात हा भार वाहणं टपाल खात्याला परवडेना, म्हणून दोन रुपयांचं स्वतंत्र ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ निघालं. ‘सुरभि’ उत्तम कार्यक्रम होता, त्याने देश दाखवला, यात शंका नाही. पण कार्डावरचा मजकूर आकसला तो इथूनच. ‘मला असं वाटतं, कारण…’ या वाक्याची जागा अचूक उत्तराने घेतली. पुढे मोबाइल आला आणि उत्तराचीही गरज उरली नाही. २००५ मध्ये आपला अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ ठरला तो लोकांच्या एसएमएसवर. त्याच्या विजयाचा आनंद मलाही झाला. पण एसएमएसमध्ये फक्त कौल असतो. कौल मोजता येतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

आणि वाद घालता येणं हाच या कुळाचा खरा वारसा आहे. लोकहितवादींपासून पंधरा पैशांच्या कार्डापर्यंत त्यात एक गोष्ट सलग होती: मत देणारा कारण देत होता आणि खाली आपलं नाव, गाव, पिनकोड लिहीत होता. दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती आज कायद्याने स्थापन झालेलं महामंडळ आहे, जनतेच्या पैशावर चालतं. सह्याद्री वाहिनी अजून आहे, पोस्टकार्डही पन्नास पैशांत मिळतं. तेव्हा लिहायला हरकत नसावी.

दुसरं काम त्याहून निकडीचं आहे. बदलापुरात श्याम जोशींच्या ‘ग्रंथसखा’ने दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि नियतकालिकं जिवापाड जपली. या पट्ट्यातल्या ज्या घरांत जुन्या ट्रंकेत टीव्हीच्या परवान्याची पुस्तिका असेल, वरळीला पाठवलेल्या पत्राची नक्कल किंवा तिथून आलेलं उत्तर असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. अशा एखाद्या ग्रंथालयात नेऊन द्यावं. दूरदर्शनने काय दाखवलं हे शोधलं तर सापडेल. आपण त्यावर काय म्हणालो, हे सांगणारा पुरावा फक्त आपल्याच घरात आहे.