परदेशाचा दरवाजा हैदराबादेत

नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी धावपट्टी आहे. या दोन जिल्ह्यांनी मिळून महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर १९८८-८९ मध्ये केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते सांभाळत होते. इतके सगळे असूनही इथल्या माणसाला दुबईला जायचे असो की सिंगापूरला, तो आधी हैदराबादची गाडी पकडतो, नाही तर मुंबईची. कमी भाड्यात परदेशी नेणाऱ्या विमान कंपन्यांचा गेल्या वीस वर्षांत एवढा बोलबाला झाला, नवनवी गावे त्यांच्या नकाशावर आली, मग आपलीच दोन गावे बाहेर का राहिली? याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे, थेट निजामाच्या अमदानीत जावे लागते.

मनमाडहून औरंगाबाद, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. ती मीटरगेज होती. मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला उतरून, सामान खांद्यावर घेऊन ब्रॉडगेजची गाडी धरावी लागे. हैदराबादला जाणारा मात्र बसल्या जागी पोचायचा. लातूरला तर बार्शी लाइट रेल्वेची त्याहून अरुंद गाडी येई. रुळांची रुंदी ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते, पण कोणत्या गावाची पावले कोणत्या शहराकडे वळायची हे पिढ्यान्‌पिढ्या तीच ठरवते. पुढे राज्ये बदलली, गेजही बदलले, तरी नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे.

विमानाचेही तसेच झाले. निजाम संस्थानच्या रेल्वे खात्याचे एक वैशिष्ट्य असे होते, की आगगाडी, मोटारबस आणि पुढे विमान, तिन्हींची सूत्रे त्याच्या हाती होती. १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात मोठा हिस्सा निजाम सरकारचा होता आणि उरलेला टाटांचा. बेगमपेठच्या तळावरून तिची डकोटा विमाने मद्रास, बंगळूर, दिल्लीकडे जात. प्रेम माथुर या बाईंना वैमानिक म्हणून नोकरी देणारी कंपनी हीच. इतर कंपन्यांनी त्यांना नाकारले होते. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

आपल्या भागात परदेशातून विमाने उतरलीच नाहीत असे मात्र नाही. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून निजामासाठी शस्त्रे आणली. लँकेस्ट्रियन जातीची त्याची मोठी विमाने बीदर आणि वरंगळच्या तळांवर रात्री उतरत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यातल्या लोकांच्या जिल्ह्याच्या गावी परदेशाहून विमान आले, ते बंदुका घेऊन. त्याच सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला संस्थान शरण आले. पुढे लंडनच्या न्यायालयाने कॉटनला २०० पौंड दंड केला. एवढ्या उद्योगाला एवढीच शिक्षा!

१९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, चार वर्षांनी महाराष्ट्रात आला. कारभाराची तोंडे मुंबईकडे वळली. पण १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि नांदेड, देगलूर, उदगीरकडची माणसे कामासाठी तिकडे जाऊ लागली, तेव्हा बरेच जण पुन्हा हैदराबादच्याच वाटेने निघाले. एजंट तिथे, नातेवाईक तिथे, दखनी बोली ओळखीची. सरहद्द कागदावर बदलली होती, पायाखालची वाट तीच होती.

आता स्वस्त विमानांकडे येऊ. आपल्या प्रदेशात या धंद्याची नांदी आखातातूनच झाली. शारजाहची एअर अरेबिया २००३ मध्ये उडू लागली. एप्रिल २००५ मध्ये एअर इंडियाने एअर इंडिया एक्स्प्रेस ही उपकंपनी काढली आणि तिचे पहिले विमान तिरुवनंतपुरमहून अबुधाबीला गेले. केरळच का? तर तिथल्या घराघरातला माणूस आखातात होता. तो वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर येणार, परत जाणार, बायकोला न्यायला येणार, बहिणीच्या लग्नाला येणार. विमान जाताना भरलेले आणि येतानाही भरलेले. स्वस्त कंपनीला लागते ते हेच. तिकिटात नफा थोडा, म्हणून रिकामी खुर्ची परवडत नाही.

दुसरे कारण धंद्याच्या आतले आहे. भाड्याने घेतलेले विमान उभे राहिले तरी त्याचा हप्ता चालूच असतो. देशातल्या मार्गांवर रात्री अकरानंतर फारसे गिऱ्हाईक नसते. मग तेच विमान रात्री आखातात पाठवायचे आणि पहाटे परत आणून सकाळच्या देशी फेरीला लावायचे. हैदराबाद ते दुबई हा प्रवास साधारण साडेतीन-चार तासांचा, रात्रीत जाऊन येणे जमते. शिवाय परदेशी जाणाऱ्या विमानात भरलेल्या इंधनावर राज्याचा विक्रीकर लागत नाही, आणि विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा. आपले विमान मध्यरात्री दोनला का सुटते म्हणून कुरकुर करणाऱ्या प्रवाशाने हे लक्षात घ्यावे. त्या अडनिड्या वेळेमुळेच तर त्याचे तिकीट स्वस्त झालेले असते.

पण इच्छा झाली म्हणून कोणी परदेशी उडू शकत नव्हते. २००४ च्या अखेरीस सरकारने खासगी कंपन्यांना परदेशाची दारे उघडली ती एका अटीवर: देशात पाच वर्षे सेवा पूर्ण हवी आणि पदरी वीस विमाने हवीत. आखाती मार्ग तर २००७ अखेरपर्यंत सरकारी कंपन्यांसाठीच राखून ठेवले होते. या अटीने मोठी गंमत केली. किंगफिशर २००५ मध्ये सुरू झाली, म्हणजे २०१० पर्यंत थांबणे आले. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन मात्र २००३ ची, तिची पाच वर्षे ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. सामान्य माणसाला विमानात बसवणारी ती कंपनी किंगफिशरने घेतली, त्यामागे तिच्या वयाचा हिशेबही होताच. सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचे विमान बंगळूरहून लंडनला गेले.

पुढच्याच महिन्यात याच कंपनीचे विमान नांदेडला उतरले. गुरू ग्रंथसाहिबाला गुरुगादी मिळाल्याला त्या ऑक्टोबरात ३०० वर्षे होत होती. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला तो नांदेडात, म्हणून सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. गुरुता गद्दीच्या सोहळ्यासाठी शहरात रस्ते झाले, पूल झाले, जुनी धावपट्टी वाढवून नवा विमानतळ उभा राहिला. कॅनडा, इंग्लंड, मलेशियातून भाविक आले. तेव्हा गावात जो तो म्हणत होता, की आता नांदेड आंतरराष्ट्रीय होणार.

झाले ते असे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना स्थगित झाला आणि ती कंपनी कायमची जमिनीवर आली. लातूरच्या धावपट्टीवर मंत्र्यांची आणि बड्या पाहुण्यांची विमाने येत राहिली. तिकीट काढून बसावे अशी सेवा काही रुजली नाही. पाचही विमानतळ परत ताब्यात घेण्याच्या हालचाली पुढे राज्य सरकारलाच कराव्या लागल्या. मुख्यमंत्री असला की धावपट्टी होते, हे आपण पाहिले. प्रवासी मात्र कोणत्याही मंत्र्याला आणता येत नाहीत.

नांदेडची दुसरी पाळी आली ती २७ एप्रिल २०१७ रोजी, 'उडान' योजनेत. तासाभराच्या प्रवासाला काही जागांचे भाडे २,५०० रुपयांच्या आसपास बांधून द्यायचे आणि कंपनीला येणारी तूट सरकारने भरायची, अशी ती योजना. योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेडला जोडणारे विमान कुठून होते? हैदराबादहून! ट्रूजेटचे एटीआर विमान जवळजवळ त्याच वाटेवरून उडाले, जिथे निजामाची आगगाडी धावली होती. पुढे ट्रूजेटही २०२२ मध्ये बंद पडली.

डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने नांदेड ते अमृतसर थेट विमान सुरू केले, आणि इथे आपल्या प्रश्नाची खरी गाठ लागते. अमृतसरकडे बघा. सिंगापूरची स्कूट ही स्वस्त कंपनी तिथे येते. मलेशियाची एअरएशिया एक्स २०१८ मध्ये आली. त्याच वर्षी एअर इंडियाने अमृतसरहून बर्मिंगहॅमला विमान सोडले. सुवर्णमंदिर तिथे, हजूर साहिब इथे. श्रद्धा एकच, भाविकही तेच. मग स्वस्त कंपन्या अमृतसरला का येतात आणि नांदेडला का येत नाहीत?

माझ्या मते फरक घराचा आहे. बर्मिंगहॅमच्या शीख माणसाचे अमृतसर-जालंधरकडे घर असते, जमीन असते, म्हातारी आई असते. तो मंदिरात जातो खरा, पण विमानात बसतो घरासाठी, आणि म्हणून पुन्हा पुन्हा बसतो. नांदेडला तो येतो माथा टेकायला. आयुष्यात एकदा, दोनदा, फार तर दसऱ्याला नाही तर गुरुपर्वाला. तेव्हा जागा मिळत नाही आणि एरवी विमान रिकामे. त्यातून पंजाबातल्या भाविकाला सचखंड एक्स्प्रेस आहेच. अमृतसरहून नांदेडपर्यंत वाटेतल्या स्टेशनांवर लंगर वाढला जातो, म्हणजे दीड दिवसाचा प्रवास आणि जेवण फुकट. याच्याशी कोणती स्वस्त विमान कंपनी स्पर्धा करणार? अमृतसरचे ते थेट विमानही टिकले नाही.

सरकारने तूट भरून दिली तर परदेशी सेवा चालेल काय, याचा प्रयोग शेजारच्या आंध्रात झाला. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारच्या मदतीवर इंडिगोने विजयवाडा ते सिंगापूर विमान सुरू केले. मदत थांबली आणि काही महिन्यांत विमानही थांबले. खरे तर पाच वर्षांची अट २०१६ मध्ये रद्द झाली होती, त्यामुळे कंपन्यांना बाहेर पडणे सोपे झाले होते. मुंबईची गोएअर वीस विमाने जमवून २०१८ मध्ये फुकेत आणि मालेला गेलीही, पण तिने निवडली ती पर्यटनाची गावे. २०२३ मध्ये ती कंपनीच बंद पडली. पदर फाटका असताना कोणी अनोळखी गावाला जात नाही.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्याबाहेर परदेशी विमान जगले ते नागपुरात. शारजाह आणि दोहाच्या कंपन्या तिथे वर्षानुवर्षे येत आहेत. छत्रपती संभाजीनगरहून हजच्या मोसमात जेद्दाहला विमाने गेली आहेत. मोसम संपला की तेवढ्यापुरते आणलेले अधिकारीही परत जातात. परदेशी विमान सोडायचे तर कस्टम लागते, इमिग्रेशन लागते, आणि आठवड्याला दोन विमाने असली तरी ती माणसे बसवून ठेवावी लागतात.

मार्च २०२४ च्या अखेरीस स्टार एअरने नांदेडहून ७६ आसनी विमाने सुरू केली. बंगळूर, दिल्लीजवळचे हिंडन आणि जालंधरजवळचे आदमपूर ही त्यांतली गावे. आदमपूरची निवड मला विशेष वाटते, कारण तो दोआबा, घरटी एक माणूस परदेशी असलेला मुलूख. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीतल्या दोषांमुळे नांदेडचा तळ काही काळ बंद ठेवावा लागला, तेव्हा या सेवेलाही खीळ बसली.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नवे गाव निवडताना विमान कंपनी आपल्या वहीत बघते, की या गावाहून त्या देशात किती माणसे जातात. देगलूरचा गवंडी किंवा लातूरचा इंजिनियर मुलगा रात्रीच्या बसने शमशाबादला जातो, मार्च २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या भल्यामोठ्या विमानतळावरून दुबईचे विमान पकडतो, आणि त्याच्या तिकिटावर 'हैदराबाद ते दुबई' असेच छापलेले असते. कंपनीच्या वहीत तो हैदराबादचा प्रवासी म्हणून मोजला जातो. वहीतले नांदेडचे पान उघडले तर तिथे त्याचे नाव नसते.