गंजाखालचा 'जिमी'

दहा वर्षं जुना कोड हातात आला की आम्ही ऑफिसात कुरकुरतो. मग कित्येक दशकं शेतात सडत पडलेला लष्करी ट्रक पुन्हा चालू करणाऱ्यांचं काय होत असेल? गेले काही वीकेंड मी त्याचंच वाचतोय. ट्रक म्हणजे जीएमसी सीसीकेडब्ल्यू, अमेरिकन सैनिकांचा 'जिमी'.

१९४१ ते १९४५ मध्ये असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले. अडीच टनी, तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनाची ताकद. १९४४ मध्ये फ्रान्समधले रेल्वेमार्ग दोस्तांच्याच बॉम्बनी उखडले होते. मग २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर 'रेड बॉल एक्सप्रेस' धावली. ऐन भरात रोज हजारो ट्रक, एकूण माल चार लाख टनांहून जास्त!

युद्धानंतर बरेच जिमी शेतकऱ्यांकडे, लाकूडवाल्यांकडे गेले आणि शेवटी झाडाखाली गंजत पडले. असा ट्रक सापडला की पहिला नियम, स्टार्टर मारायचा नाही. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेले असतात, जोर लावला की रिंगा तुटल्याच. प्लग काढायचे, आत गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि गप्प बसायचं. दिवसेंदिवस. मग हँडलने अगदी हळू हलवून बघायचं. टाकीतल्या पेट्रोलची राळ झालेली, ब्रेक जाम, वायरींचं कापडी आवरण कुजलेलं.. ही कामं वेळखाऊ, पण होतात.

खरी गोची रंगाची. सँडब्लास्टिंग केलं की पत्रा एका दिवसात लख्ख. पण सोबत त्याची 'व्हर्जन हिस्टरी'ही डिलीट! म्हणून जाणकार लोक पॉलिश पेपरने एकेक थर उतरवतात. नशीब असेल तर बॉनेटवर लष्करी नंबर दिसतो आणि बंपरवर तुकडीची खूण.

ही खूण का महत्त्वाची? रेड बॉलचे सुमारे तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते. त्या सैन्यात गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. हा भेद संपवायचा ट्रुमन यांचा आदेश निघाला १९४८ मध्ये. म्हणजे बंपरवरची तुकडी कळली की स्टिअरिंगमागे कोण बसायचं तेही बहुधा कळतं. ज्यांना लढाईपासून सहसा दूर ठेवलं, त्यांनीच लढणाऱ्यांचं पेट्रोल आणि दारूगोळा पोचवला, याचा हा पत्र्यावरचा पुरावा.

म्हणून मला वाटतं, ट्रक थोडा कमी चमकला तरी चालेल. ती दोन-चार फिकट अक्षरं मात्र राहिली पाहिजेत.