चुकीच्या कारणासाठी बनलेली बरोबर गोळी

प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारा जुना कोड कधी उघडून बघितलाय? लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. कॉमेंटमध्ये एक लिहिलेलं असतं आणि कोड भलतंच काहीतरी करत असतो. पण चालतोय ना, मग कोणी हात लावत नाही. औषधांच्या जगातही असा एक नमुना आहे. त्याचं नाव सल्फासॅलझीन.

आधी आजाराबद्दल दोन शब्द. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. दिवसातून दहा-दहा वेळा संडासला पळावं लागतं, रक्त पडतं, अशक्तपणा येतो. बऱ्याच जणांना हा आजार ऐन तिशीच्या आसपास गाठतो, म्हणजे आपल्याच वयात. आणि याची खोड अशी की तो पूर्ण जात नाही. महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि पुन्हा उलटतो.

आता गोष्ट स्वीडनची. नान्ना स्वार्ट्झ (नाना नव्हे, बाई होत्या!) १९३७ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक झाल्या. त्यांचा खरा शत्रू होता संधिवात. हा आजार जंतूंमुळे होतो अशी तेव्हा बऱ्याच डॉक्टरांची समजूत होती. म्हणून बाईंनी विचार केला की जंतू मारणारं सल्फा औषध आणि सूज उतरवणारं सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनचं भावंड म्हणा) एकाच रेणूत जोडलं तर? फार्मासिया कंपनीच्या मदतीने औषध तयार झालं. ते संधिवातासोबत कोलायटिसच्या रुग्णांनाही दिलं आणि त्यांना चांगलाच फरक पडला. १९४२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

गोळी चालते हे दिसत होतं. पण किती दिवस घ्यायची?

या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडमध्ये मिळालं. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये २१० रुग्णांवरच्या कॉर्टिसोनच्या चाचणीचे अंतिम निकाल छापले. सहा आठवड्यांत आजार शांत झालेल्यांचं प्रमाण कॉर्टिसोन घेणाऱ्यांत ४१ टक्के होतं आणि नकली औषध घेणाऱ्यांत १६ टक्के. म्हणजे आग विझवायला स्टिरॉइड उत्तम. पण आग पुन्हा लागू नये म्हणून तेच थोड्या डोसमध्ये चालू ठेवलं तर उपयोग होत नाही, हे पुढच्या चाचण्यांत दिसलं. शिवाय हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हा हिशेब वेगळाच.

सल्फासॅलझीनचं नेमकं उलटं निघालं. १९६५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दाखवलं की ही गोळी रोज घेतली तर वर्षभर आजार दबून राहण्याची शक्यता खूप वाढते.

आता तुमच्यातला इंजिनिअर विचारेल, वर्षभर ठणठणीत असलेल्या माणसाला ही गोळी खरंच लागते का? की आजार आपोआपच गेलाय आणि आपण उगाच गोळ्या गिळतोय? प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर गोळी बंद करून बघितल्याशिवाय मिळत नाही. १९७३ मध्ये दिसानायके आणि ट्रुलव्ह यांनी तेच केलं. निदान वर्षभर गोळी घेत असलेले आणि काहीही त्रास नसलेले ६४ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची गोळी चालू ठेवली आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी नकली गोळी दिली. सहा महिन्यांत नकली गटात आजार उलटण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त निघालं! निष्कर्ष सरळ होता: सहन होत असेल तोवर गोळी थांबवू नका.

पण सहन होणं हाच तर अनेकांचा प्रॉब्लेम होता. मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ. पुरुषांमध्ये शुक्राणूही कमी होतात (गोळी बंद केली की सहसा पूर्ववत होतात). मग १९७७ मध्ये कोड उघडला गेला. बांगलादेशातून ऑक्सफर्डला आलेले डॉ. आझाद खान, पिरिस आणि ट्रुलव्ह यांनी रेणूचे दोन तुकडे वेगवेगळे एनिमातून थेट आतड्यात दिले. सल्फाचा तुकडा जवळजवळ निरुपयोगी ठरला. काम करत होता तो सॅलिसिलेटचा तुकडा, म्हणजे ५-एएसए, ज्याला आज मेसालामाइन म्हणतात.

मग सल्फा काय करत होता? हमाली! नुसतं ५-एएसए तोंडाने घेतलं तर ते वरच्या लहान आतड्यातच शोषलं जातं. सल्फाला बांधलेलं असलं की मोठ्या आतड्यापर्यंत सुखरूप पोचतं, आणि तिथले जिवाणू ती गाठ तोडून माल उतरवून घेतात. ज्या जंतूंना मारायला सल्फा जोडला होता, त्यांचेच भाऊबंद औषध पोचवत होते. आणि बरेचसे साइड इफेक्ट या हमालाचेच होते. मग १९८० च्या दशकात हमालाशिवायच्या गोळ्या आल्या, ज्यांचं आवरण मोठ्या आतड्याच्या आसपास पोचल्यावरच विरघळतं.

क्रोन्स डिसीज या भावंड-आजारात मात्र ५-एएसए फारसं चालत नाही. तिथे अ‍ॅझाथायोप्रिन आणि १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं लागतात. यांनी प्रतिकारशक्तीच दबते. दबून बसलेला टीबी इन्फ्लिक्सिमॅबमुळे जागा होऊ शकतो, म्हणून आपल्याकडे तर आधी टीबीची तपासणी हवीच.

हे सगळं सांगायचं कारण असं, की बरं वाटायला लागलं की गोळी सोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. डेडलाइन, ऑनसाइट, लग्न... निमित्तं हजार. पण "आता काही त्रास नाही" हा गोळी नको असल्याचा पुरावा नाही, बहुतेक वेळा ती काम करत असल्याचा आहे. सोडायचीच असेल, डोस बदलायचा असेल किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोला. तेही आंधळेपणाने चालू ठेवा म्हणत नाहीत. मेसालामाइनवर असताना किडनीची रक्ततपासणी अधूनमधून करायला सांगतातच.

आणि तुमच्या शेजारच्या डेस्कवर कोणी रोज जेवणानंतर गुपचूप गोळ्या घेत असेल, तर "अरे, अजून चालूच का तुझं औषध?" असं कृपया विचारू नका. त्याचं उत्तर १९७३ सालीच देऊन झालंय.