पॅरिसच्या चौकातली झाडं आणि उकाड्याच्या रात्री

उष्माघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भर दुपारी उन्हात राबणारा माणूस येतो. ते बरोबरच आहे. पण उष्णतेने माणसं घरात, अंथरुणावर, रात्रीसुद्धा दगावतात. ऑगस्ट 2003 मध्ये पॅरिसने हे फार मोठी किंमत देऊन पाहिलं. तिथल्या काही चौकांतला दगड काढून आज झाडं लावली जात आहेत. त्यामागची गोष्ट त्या ऑगस्टपासून सांगायला हवी.

तेव्हा पॅरिसमध्ये सलग नऊ दिवस पारा 35 अंशांच्या वर गेला. विदर्भातल्या वाचकांना हसू येईल, की 35 म्हणजे काय ऊन झालं! पण रात्रीचा आकडा बघा. 11 आणि 12 ऑगस्टला किमान तापमान 25.5 अंश होतं, आणि पंखा-एसी नसलेल्या घरांत त्याहून जास्त. त्या महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे 15,000 मृत्यू जास्त झाले. बहुतेक जण 75 वर्षांपुढचे होते, आणि मुलंबाळं सुट्टीवर गेलेली.

रात्र एवढी महत्त्वाची का? दिवसभर शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं आणि आपण घाम गाळतो. रात्री गारवा मिळाला की या यंत्रणेला विसावा मिळतो. तो मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीची सुरुवातच थकलेल्या हृदयाने होते. वयोमानाने तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यात लघवी जास्त होण्याची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. (म्हणून गोळी मनाने बंद करू नका. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा.)

नंतर फ्रेंच संशोधकांनी मृतांच्या घरांचा अभ्यास केला. छताला लागून असलेल्या वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना धोका जास्त होता. पॅरिसची जुनी छपरं जस्ताच्या पत्र्याची, आणि त्याखालच्या खोल्या पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेल्या. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: इमारतीच्या आजूबाजूची जागा किती तापते, यावरही धोका ठरत होता. म्हणजे आजीच्या तब्येतीचा संबंध खिडकीखालच्या चौकाशीही होता.

चौक तर गाड्यांना आणि दगडाला दिलेले. 2013 साली रिपब्लिक चौक नव्याने बांधला गेला. गाड्यांची जागा पादचाऱ्यांना मिळाली, चांगलं झालं, पण फरशी भरपूर आणि सावली कमी अशी टीकाही झाली. मग 25 जुलै 2019 ला पॅरिसने 42.6 अंश पाहिले, शहराचा आजवरचा उच्चांक.

मोंपार्नास स्टेशनजवळच्या कातालोन्य चौकात मात्र काम वेगळं झालं. गाड्यांच्या मोठ्या वर्तुळाच्या मध्यभागी ग्रॅनाइटची तिरकी चकती असलेलं कारंजं होतं. ते काढलं, रस्ता आवळला, आणि 2024 च्या जूनमध्ये तिथे सुमारे 470 झाडांचं छोटं रान लोकांना खुलं झालं.

झाड करतं काय? पानांतून पाणी वाफ होऊन जातं, तेव्हा ते हवेतली उष्णता घेऊन जातं, अगदी आपल्या घामासारखं. पण माझ्या मते खरी कमाई सावलीची. उन्हात तापलेला दगड रात्रभर उष्णता सोडत राहतो, सावलीतला दगड मुळात तापतच नाही. दाट पानोळा रात्रीची थोडी उष्णता अडवूनही ठेवतो, तेव्हा झाडांना जादू समजू नये. शिवाय शहरी चौकाच्या पोटात मेट्रो, पार्किंग, नळ असतात. मोठ्या झाडाच्या मुळांना माती मिळवणं हेच अर्धं काम.

आणि रोपाचा वृक्ष व्हायला वर्षं लागतात. 2003 नंतर फ्रान्सने आणखी एक साधी गोष्ट सुरू केली: एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही. नाव स्वतः किंवा नातेवाइकांनी नोंदवायचं, आणि उष्णतेची लाट आली की पालिकेचा माणूस फोन करून विचारतो, पाणी प्यायलात का, घरात कोणी आहे का. कातालोन्य चौकातली झाडं अजून लहान आहेत. फोन चालूच आहेत.