कृष्णेवरचा पूल आणि गँगमनची जात

कडेगावला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर आम्हाला ताकारी नाहीतर किर्लोस्करवाडी गाठावी लागते. पुढे मिरज सोडली की कोल्हापूरची गाडी जयसिंगपूरच्या अलीकडे कृष्णेवरचा लांब पूल ओलांडते. कोल्हापूर संस्थानची ही रेल्वे १८९१ साली सुरू झाली. राजर्षी शाहूंच्या हाती राज्यकारभार आला तो १८९४ ला.

पुलाचा इतिहास विचारला की संस्थान, कंपनी आणि साहेब इंजिनिअर यांचीच नावे पुढे येतात. दगड फोडणारा, चुना मळणारा, खांबाच्या पायासाठी नदीत उतरणारा माणूस कुठे आहे? आमच्या भागात ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने गाडी लुटली, हे अभिमानाने सांगितले जाते. सांगावेच. पण ते रूळ रोज कोण ठोकत होते, हे कोणी सांगत नाही.

बाबासाहेबांनी ते सांगितले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी रेल्वेतली जात उघडी पाडली. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि मास्तर सवर्ण! ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी याच परिषदेत मांडले. आमच्याकडची लाईन तेव्हा दुसऱ्या कंपनीची, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची होती. कंपनी बदलल्याने विटाळ बदलत नव्हता.

पूल एकदा बांधला की संपला, असे नसते. चावीवाला रोज रुळावरून चालत जाऊन निसटलेल्या चाव्या ठोकतो. गर्डर खरवडून रंगवावे लागतात, बेअरिंगला ग्रीस द्यावे लागते. पुराचे पाणी खांबाच्या बुडाची माती उकरते, म्हणून तिथली खोली मोजून दगड टाकावे लागतात. मीटरगेजची ब्रॉडगेज झाली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि भार वाढला. पावसाळ्यात रात्री कंदील नाहीतर टॉर्च घेऊन गस्त असतेच.

आणखी एक गोष्ट सभ्य माणसे बोलत नाहीत. बायोटॉयलेट येईपर्यंत डब्यातली घाण थेट रुळावर पडायची. त्या घाणीने रूळ गंजतात, हे अनिल काकोडकर समितीने २०१२ च्या अहवालात नोंदवले. रूळ गंजतो म्हणून देशाला काळजी वाटली! त्याच रुळावर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर काय पडत होते? आम्हाला हा प्रश्न गर्डरपेक्षा मोठा वाटतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मिरज–कोल्हापूर गाड्या बंद पडल्या. प्रवाशांच्या हालाच्या बातम्या भरपूर आल्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून मार्ग तपासत जाणारा ट्रॅकमन बातमीत आला नाही. (गँगमनचे नाव आता ट्रॅकमन, कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर. काम तेच.)

आज यातली बरीच कामे ठेकेदाराकडे जातात. ठेकेदाराच्या माणसाला आरक्षण नाही, पेन्शन नाही, रेल्वेचा पासही नाही. १९३८ ला निदान गँगमन रेल्वेच्या हजेरीपटावर होता.

आपल्या वस्त्यांमध्ये निवृत्त गँगमन अजून आहेत. त्यांच्याकडे बसा. मुकादम कोणत्या जातीचा होता, पाण्याचा माठ एकच होता का, बढती किती वर्षांनी मिळाली, हे विचारा आणि तारखेसह लिहून काढा.