चेतकची लाकडी प्रतिकृती आणि एका रात्रीचा इतिहास

गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने हसत विचारलं, की ज्ञानमीमांसा शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसं म्हातारपणी हेलिकॉप्टरचं खेळणं करत का बसली आहेत? प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देतो.

आम्ही म्हणजे भांदकची चार निवृत्त माणसं आणि शाळेतली पाच-सहा मुलं. भद्रावती हे नाव कागदोपत्री; जुन्या लोकांच्या तोंडी आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजून भांदकच आहे. आमच्यातले दोघे इथल्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, एक टर्नर आणि एक फिटर. त्यांचे हात आणि आमची पुस्तकं, असा संसार.

आता प्रतिकृती हा प्रकार आपल्या विदर्भाला नवा नाही, बरं का. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा घेऊन येतात. त्या नंदीला शिंगं आहेत, वशिंड आहे, पायाखाली चाकंही आहेत. बैलाला चाकं कशी, असं कोणी विचारत नाही. कारण तो नंदी कुठल्या एका बैलाचा नसतोच, तो बैलपणाचा असतो. मापात केलेली प्रतिकृती मात्र नेमक्या एका वस्तूची असते. तिथे चाक चुकलं तर चुकलंच.

आम्ही निवडलं चेतक. मूळ हे फ्रेंच यंत्र, नाव आलुएत तीन. १९५९ साली ते पहिल्यांदा उडालं. टर्बाइन इंजिन, वरती तीन पात्यांचा मोठा पंखा, शेपटीला तीन पात्यांचा छोटा, खाली तीन चाकं, आत वैमानिक धरून सात माणसांची जागा. इंजिनावर झाकणच नाही. पाठीवर उघडं बसवलेलं. १९६० मध्ये ते युरोपातल्या माँ ब्लाँवर उतरवून दाखवलं आणि त्याच वर्षी आपल्या हिमालयात सहा हजार मीटरच्या आसपास. डोंगरात अडकलेल्या माणसाला वर उचलून आणणारं यंत्र, अशी त्याची ओळख झाली. भारताने १९६२ मध्ये त्याचा परवाना घेतला, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेलं पहिलं यंत्र १९६५ साली उडालं. नाव दिलं चेतक, राणा प्रतापांच्या घोड्याचं.

घोड्यावरून आठवलं, आणि आमच्या मूळ विषयाकडे थोडं वळतो. काश्मीरमध्ये नवव्या शतकात श्रीशंकुक नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याचा ग्रंथ आज मिळत नाही. अभिनवगुप्ताने त्याचं मत खोडण्यासाठी मांडलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. शंकुक म्हणतो, चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असं म्हणतो. हे ज्ञान खरं म्हणावं तर समोर घोडा नाही. खोटं म्हणावं तर आपण फसलेलोही नाही. हा घोडा आहे की नाही असा संशय नाही, आणि ‘हे घोड्यासारखं आहे’ असंही आपण म्हणत नाही. चारही प्रकारांत न बसणारं हे पाचवंच काहीतरी. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. वर्गात हे शिकवताना फळ्यावर घोडा काढायचो. तो दर वर्षी गाढवासारखा दिसे, आणि मुलं म्हणत, सर, इथे संशय आहे!

तर आमच्यापुढचा पहिला प्रश्न हाच. चेतक करायचं म्हणजे कुठलं? शेकडो बांधली गेली. गोव्याला बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथे खरं चेतक उभं आहे. आम्ही दोघं जाऊन दिवसभर त्याभोवती फिरलो, फोटो काढले, वहीत आकृत्या केल्या. पण यंत्र तीस-चाळीस वर्षं नोकरी करतं. त्या काळात त्याचे भाग बदलतात, रंग बदलतो, आतली बैठक बदलते. संग्रहालयात दिसतो तो त्याचा शेवटचा दिवस. आम्हाला कुठला दिवस हवा होता?

मुलांचं उत्तर तयार होतं: एकाहत्तरची लढाई. आणि खरोखर, त्या लढाईत या यंत्राची एक विलक्षण रात्र आहे. २८ सप्टेंबर १९७१ रोजी नागालँडमध्ये दिमापूरला बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीचं हवाई पथक उभं राहिलं, ‘किलो फ्लाइट’. त्याच्याकडे विमानं किती? एक डकोटा, एक ऑटर आणि एक आलुएत. तिन्ही वाहतुकीची, एकही लढाऊ नाही. मग आलुएतच्या दोन्ही बाजूंना मिळून १४ रॉकेटं लावली, मशीनगन बसवली, आणि खालून गोळी लागू नये म्हणून तळाला एक इंच जाडीचा पोलादी पत्रा जोडला. ३ डिसेंबरच्या रात्री सुलतान महमूद आणि बद्रुल आलम हे यंत्र घेऊन नारायणगंजच्या तेलसाठ्यांवर गेले. ऑटर गेलं चितगावकडे. त्याच संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले होते. पुढे हेच सुलतान महमूद बांगलादेशाचे हवाई दलप्रमुख झाले. अंधारात, माणसं वाचवण्यासाठी केलेल्या यंत्रातून, खाली खाली उडत जायचं. कल्पना करून बघा.

तर दिवस ठरला. माप घेतलं चोविसास एक. खरा पंखा ११.०२ मीटर व्यासाचा, म्हणजे आमचा ४६ सेंटिमीटर. अंग जेमतेम ४२. अंगासाठी सावरीचं लाकूड घेतलं. परदेशात अशा कामाला बाल्सा वापरतात. सावर त्याच कुळातली, हलकी आणि पटाशीला मऊ. फक्त रेषा मोठी, म्हणून लांबी भरून घासत बसावं लागतं. पुढच्या काचेसाठी आधी लाकडाचा साचा केला, त्यावर पाण्याची प्लास्टिकची बाटली चढवली आणि गरम हवेने आकसून घेतली. नऊ बाटल्या वाया गेल्या. पाती बांबूची. यंत्र उभं असताना लांब पाती स्वतःच्या वजनाने टोकाला किंचित खाली झुकतात, सरळ पट्टीसारखी दिसली की प्रतिकृती मेली असं समजा. बांबू दिव्याच्या आचेवर धरून हवा तसा वाकवता येतो. हे आम्हाला बुरडकाम करणाऱ्या शेजाऱ्याने शिकवलं.

आणि इथेच आमची फजिती झाली. तिन्ही पाती तासून, रंगवून बसवली. टर्नर काकांनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि विचारलं, ‘सर, हे उडणार कुठं? मागं?’ पातीची जाड, गोल कड वाऱ्याला कापत पुढे जाते, पातळ कड मागे राहते. अमेरिकन यंत्रांचा पंखा वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो, आणि आम्ही पातीचा छेद एका अमेरिकन यंत्राच्या आकृतीवरून घेतला होता. फ्रेंच पंखा फिरतो घड्याळाच्या दिशेने. घरातला छताचा पंखा खालून पाहिला तर उलटा फिरताना दिसतो ना? वरून पाहिला तर सुलटा. म्हणजे उत्तर डोक्यावर गरगरत होतं आणि आम्ही पुस्तकात शोधत होतो. तिन्ही पाती पुन्हा केली.

पण खरा पेच पुढे आला. मुलं रॉकेटं करायला बसली तेव्हा काका म्हणाले, ‘माझा याला हात लागणार नाही.’ आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. नव्हते करत. ‘सगळी नोकरी दारूगोळ्याचंच काम केलं. देशाचं काम होतं, चांगलं केलं, लाज नाही. पण घरी बसून हौशीनं रॉकेट करायचं? याच यंत्रात दोन स्ट्रेचर बसतात, ते करा. आपल्याकडे हेलिकॉप्टर म्हणजे काय? गडचिरोलीच्या जंगलात जखमी झालेलं पोरगं नागपूरला नेतं ते. निवडणुकीत मतदानाची माणसं आत सोडतं ते.’

मुलं हिरमुसली. आम्हीही अडचणीत आलो, कारण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. स्ट्रेचरचं चेतक हेही खरं चेतकच. पण ते ३ डिसेंबरच्या रात्रीचं नाही. त्या रात्रीच्या यंत्राला स्ट्रेचर लावणं म्हणजे इतिहासाला आपल्या मनासारखं वागायला लावणं. रॉकेटं काढून नुसतंच चेतक ठेवलं, तर तो आमचा तान्ह्या पोळ्याचा नंदी झाला. आम्ही हे शंकुकापासून सुरू करून बराच वेळ समजावलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि चहा पिऊन घरी गेले.

आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते हातात कागदाची पुडी घेऊन. आत पोलादाचा एक तुकडा, घासून गुळगुळीत केलेला, जाडी बरोबर एक मिलिमीटर. एक इंच भागिले चोवीस, त्यांनी मनातच केलेला हिशोब. ‘तळाचा पत्रा मी बसवतो,’ म्हणाले. ‘ती दोन माणसं परत यावीत म्हणून लावला होता ना तो? रॉकेटं पोरांना करू द्या.’

आम्ही म्हटलं, काका, तळाला बसवल्यावर तो दिसणार नाही, पुठ्ठाही चालला असता. ते म्हणाले, पुठ्ठ्यानं गोळी अडते का?

मुलांनी १४ रॉकेटं उदबत्तीच्या काड्यांची केली, टोकाला टाचणीची डोकी. प्रतिकृती आता शाळेच्या वाचनालयात काचेच्या पेटीत आहे. खाली चिठ्ठी आहे: ‘३ डिसेंबर १९७१, रात्र’. पत्रा दिसत नाही. पण पेटी उचलायची वेळ आली तर सांगून ठेवतो, पोटाकडून धरा, लाकडाच्या मानाने ते जड लागतं.