जोडासाकोचें घर आणि धाकटें भावंड

एकत्र कुटुंबांतील भावंडांचें नातें केवळ मायेचें नसतें. त्यांत एक राज्यव्यवस्थाहि असते. थोरल्यानें आज्ञा करावी, मधल्यानें ती पुढें पोंचवावी आणि धाकट्यानें ती पाळावी, हा तिचा अलिखित कायदा होय. दादा, अण्णा, नाना, भाऊ या मराठी घरांतील हाका म्हणजे त्या व्यवस्थेंतील पदव्याच. बंगालमध्यें तर पायरी नांवांतच सांगितलेली असते. बडोदादा म्हणजे थोरला, मेजोदादा दुसरा, सेजोदादा तिसरा. ही व्यवस्था मुलाला घडविते कीं दडपते, याचा विचार करावयाचा तर कलकत्त्याच्या जोडासाको भागांतील ठाकूर घराण्याएवढें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

महर्षि देवेंद्रनाथ आणि शारदादेवी यांना पंधरा अपत्यें झालीं. त्यांत ७ मे १८६१ रोजीं जन्मलेले रवींद्रनाथ चौदावे. पंधरावें बालक शैशवांतच गेल्यामुळें शेंडेफळाचें स्थान रवींद्रनाथांकडे आलें. थोरले बंधु द्विजेंद्रनाथ त्यांच्याहून एकवीस वर्षांनीं मोठे, म्हणजे वयानें पित्यासारखेच! वडील बहुधा प्रवासांत, आई मोठ्या संसाराच्या व्यापांत. तेव्हां या मुलाचें बालपण नोकरांच्या अंमलाखालीं गेलें. श्याम नांवाचा एक नोकर त्याच्याभोंवतीं खडूनें वर्तुळ आंखी आणि तें ओलांडल्यास संकट ओढवेल अशी धमकी देऊन खुशाल निघून जाई. सीतेची कथा ठाऊक असल्यामुळें मुलगा तेथेंच बसून राही. १९१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जीवनस्मृति’ या ग्रंथांत रवींद्रनाथांनीं ही हकीकत विनोदानें सांगितली आहे. पण त्या विनोदाखालचें एकाकीपण लपत नाहीं.

दोन वर्षांनीं मोठा भाऊ सोमेंद्र आणि थोरल्या बहिणीचा मुलगा सत्यप्रसाद शाळेंत जाऊं लागले, तेव्हां धाकट्याला अजून लहान म्हणून घरीं ठेवलें. त्यानें रडून आकांत केला. धाकट्या भावंडाची ही भूक सर्व घरांतून सारखीच असते. मोठ्यांना जें मिळतें तें चांगलेंच असलें पाहिजे, अशी त्याची श्रद्धा असते. पुढें शाळेचा अनुभव आल्यावर ही श्रद्धा पार मावळली, ही गोष्ट निराळी.

खरें शिक्षण मिळालें तें भावांकडून. सेजोदादा हेमेंद्रनाथ शिस्तीचे कडक. पहांटे उठून पहिलवानाबरोबर कुस्ती, मग गणित, भूगोल, शरीरशास्त्र, असा दिवस त्यांनीं आंखून दिला होता. इंग्रजीआधीं मातृभाषा पक्की झाली पाहिजे हा त्यांचा आग्रह. त्याबद्दल रवींद्रनाथांनीं पुढें मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त केली.

मेजोदादा सत्येंद्रनाथ हे १८६३ सालीं सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली. तुकारामाचे अभंग त्यांनीं बंगालींत उतरविले आणि १८९७ मध्यें साताऱ्याचे न्यायाधीश असतांना ते निवृत्त झाले. त्यांनींच सतरा वर्षांच्या धाकट्या भावाला १८७८ सालीं अहमदाबादेस नेलें. इंग्रजी रीतभात अंगवळणी पडावी म्हणून मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरीं ठेवलें आणि मग विलायतेस नेलें.

नतूनदादा ज्योतिरिंद्रनाथांची तऱ्हा वेगळी. बारा वर्षांचें अंतर विसरून ते धाकट्याशीं मित्राप्रमाणें वागत. ते पियानोवर नव्या चाली वाजवीत आणि रवींद्रनाथ त्यांत शब्द बसवीत. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा बंगाली अनुवाद याच ज्योतिरिंद्रनाथांचा. हेमेंद्रनाथांनीं शिस्त दिली, सत्येंद्रनाथांनीं जग दाखविलें. पण चुकण्याचें स्वातंत्र्य दिलें तें ज्योतिरिंद्रनाथांनीं. कवीला त्याचीच गरज अधिक होती.

तथापि या घराचें केवळ गौरवगान करणें न्यायाचें होणार नाहीं. सर्वांनाच त्या छायेंत बहर आला नाहीं. वीरेंद्रनाथ व सोमेंद्रनाथ या दोघां भावांना मानसिक व्याधीनें ग्रासलें. बहिणींची लग्नें लहान वयांतच होत. त्यांतूनहि स्वर्णकुमारी देवींनीं १८७६ सालीं आपली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढें ‘भारती’ मासिकाचें संपादन केलें. परंतु आज त्यांचें नांव धाकट्या भावाच्या कीर्तीमागें झांकलें गेलें आहे. ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नी कादंबरीदेवी नवव्या वर्षीं या घरांत आल्या. रवींद्रनाथांच्या त्या बाळपणच्या सोबतीण आणि त्यांच्या कवितेच्या पहिल्या रसिक. १८८४ सालीं, पंचविशीच्या आंतच, त्यांनीं आत्महत्या केली. माणसांनीं गजबजलेल्या घरांतहि एखादें माणूस किती एकटें असूं शकतें, याची ही दुःखद साक्ष होय.

काळानें पुढें ही उतरंड उलटी केली. १८९० च्या सुमारास जमीनदारीचा कारभार सर्वांत धाकट्याच्याच खांद्यावर आला. १९०१ मध्यें त्यानें शांतिनिकेतनांत विद्यालय काढलें. थोरले द्विजेंद्रनाथ आपल्या वार्धक्यांत तेथेंच राहिले आणि १९२६ सालीं तेथेंच निवर्तले. गांधीजीहि त्यांना बडोदादाच म्हणत. ज्यांच्या सांवलींत धाकटा वाढला, त्यांना अखेरीस धाकट्याच्या आश्रमांत विसांवा मिळाला. आणि तरीहि थोरलेपणाचा मान तसूभरहि उणा झाला नाहीं. थोरल्यांनीं आज्ञेबरोबर मोकळीकहि द्यावी आणि धाकट्यानें मोठा झाल्यावरहि मान राखावा, एवढें साधलें तरच मोठ्या कुटुंबाला मोठें म्हणावें.